कॅप्चा लावूनही संपर्क-फॉर्मवर स्पॅम येतोच आहे. सर्व्हरवर नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की साइट पीएचपीत आहे, शेअर्ड होस्टिंगवर आहे, फॉर्मला जावास्क्रिप्टची तपासणी आहे, समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणाऱ्या कॅप्चाचा चौकोनही लावलाय, आणि तरी रोज सकाळी शंभरेक फालतू मेल पडलेले असतात. माझा अंदाज असा की चौकोन पानावर दिसतोय, पण सर्व्हर त्याबद्दल काही विचारतच नाही.

खात्री करून घ्या. टर्मिनल उघडा आणि फॉर्मच्या अ‍ॅक्शनमध्ये जो पत्ता आहे त्यावर कर्लने (टर्मिनलमधून वेबपत्त्यावर विनंती पाठवणारी आज्ञा) सरळ पोस्ट करा. नाव, ईमेल, मजकूर, बस. ब्राउझर उघडायचा नाही, चौकोनावर टिचकी मारायची नाही. तरीही मेल आला, तर बॉटही (आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम) हेच करतोय. तो फॉर्मचा पत्ता आणि रकान्यांची नावं एकदा उचलतो आणि मग थेट सर्व्हरशी बोलत राहतो. जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालतं, आणि इथे ब्राउझरच नाही.

रिकॅप्चा, एचकॅप्चा, क्लाउडफ्लेअरचं टर्नस्टाइल, तिघांची रीत एकच आहे. चौकोन ब्राउझरमध्ये एक टोकन, म्हणजे तपासणीचा पुरावा म्हणून अक्षरांची एक लांब ओळ, बनवतो आणि ते फॉर्मबरोबर सर्व्हरवर येतं. ते टोकन आणि तुमची सीक्रेट की (फक्त तुमच्या सर्व्हरला माहीत असलेली गुप्त किल्ली) त्या सेवेच्या साइटव्हेरिफाय पत्त्यावर पाठवून तुमच्या पीएचपीने विचारायचं असतं की हे खरं का. होकार आला तरच पुढे जायचं, आणि टोकन आलंच नसेल तर मेल तिथेच थांबवायचा. पुष्कळ जण पानावरचा तुकडा चिकटवतात आणि हा अर्धा भाग राहून जातो. टोकन एकदाच चालतं आणि लवकर शिळं होतं, रिकॅप्चाचं २ मिनिटांत, टर्नस्टाइलचं ५ मिनिटांत. म्हणून रिकॅप्चाची तिसरी आवृत्ती असेल तर टोकन पान उघडताना मागू नका, 'पाठवा' दाबल्यावर मागा. नाहीतर सावकाश लिहिणारा खरा माणूसच अडकतो.

खरा माणूस अडकू नये, याबद्दल मी इतका हट्टी का आहे ते सांगतो. बडोद्यात दांडिया बाजाराजवळ एक काकू दिवाळीचा फराळ करून परदेशी पाठवतात. त्यांची साइट मी सांभाळतो. स्पॅम वाढला तेव्हा मी घाईघाईत नियम लावला, मजकूर ५०० पेक्षा लांब असेल तर टाकून द्यायचा. नवरात्र संपता संपता काकूंचा फोन आला, "अरे, यंदा टोरांटोहून एकही ऑर्डर कशी नाही? दरवर्षी पहिली तिथूनच येते." चूक माझी होती. लांबी मी पीएचपीच्या स्ट्रलेन या फंक्शनने मोजत होतो आणि स्ट्रलेन मोजतं बाइट. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, गुजरातीचंही तसंच. 'नमस्कार' डोळ्यांना ४ अक्षरं दिसतात, युनिकोडला ती ७ चिन्हं आहेत आणि स्ट्रलेनला २१ बाइट. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ५०० म्हणजे ऐसपैस जागा. चकली किती, अनारसे किती, कडबोळी तिखट नको, असं मराठीत सविस्तर लिहिणाऱ्याची तीन ओळींतच हद्द संपत होती, आणि मी ते मेल कुठेही न ठेवता फेकत होतो. त्या ऑर्डरी पुन्हा मिळवायला काही मार्गच नव्हता. आता मी बाइटऐवजी चिन्हं मोजणारं एमबी_स्ट्रलेन वापरतो आणि मर्यादा भरपूर मोठी ठेवतो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. संशय आला तरी संदेश पुसायचा नाही, बाजूला ठेवायचा. मायएसक्यूएलमध्ये एक तक्ता करा. प्रत्येक संदेश आधी तिथे जाऊ दे, त्याच्यासमोर 'ठीक' किंवा 'संशयित' आणि संशयाचं कारण लिहू दे, आणि मेल फक्त 'ठीक'चाच निघू दे. संशयितांची यादी दिवसातून एकदा एकाच मेलमध्ये मागवा. पाच मिनिटांत नजर फिरते. महिनाभराने जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातील असं बघा, लोकांचे फोन नंबर उगाच साठवून ठेवू नयेत. कॅप्चाची सेवा कधी बंद असेल किंवा रिकॅप्चाच्या तिसऱ्या आवृत्तीने दिलेला 'हा माणूसच असावा' याचा गुण कमी आला (०.० ते १.० असतो, ०.५ पासून सुरुवात करा), तरी संदेश याच तक्त्यात जाऊ दे.

आता बाकीचे थर. एक सापळा-रकाना ठेवा, म्हणजे माणसाला न दिसणारा आणि बॉट हौसेने भरणारा. तो हिडन प्रकारचा नको, साधा मजकुराचा रकाना सीएसएसने पडद्याबाहेर सरकवा. टॅब दाबत जाणाऱ्याला तो लागू नये आणि स्क्रीन रीडरने तो वाचू नये याची सोय करा, नाहीतर दृष्टिहीन माणूस तो भरून बसेल. त्याला कंपनी, फोन, पत्ता अशी नावं देऊ नका, ब्राउझर आपणहून भरून टाकतो. भरलेला आला की 'धन्यवाद' दाखवा आणि नोंद संशयितांत टाका.

दुसरा थर वेळेचा. फॉर्म दाखवताना त्या क्षणाची वेळ आणि तिची पीएचपीच्या हॅश_एचमॅकने केलेली सही (कोणी वेळ बदलली तर कळावं म्हणून) एका लपलेल्या रकान्यात ठेवा. परत आल्यावर सही हॅश_इक्वल्सने जुळवा आणि मध्ये किती वेळ गेला ते पाहा. नाव, ईमेल आणि दोन ओळी ३ सेकंदांत कोणी लिहीत नाही. फक्त पानाला कॅशिंग (एकदा बनवलेलं पान साठवून सगळ्यांना तेच देणं) असेल तर सगळ्यांना सकाळचीच वेळ मिळते. तेव्हा संपर्काचं पान कॅशमधून वगळा.

आयपीवरून मर्यादा घालायची असेल तर जपून. मोबाइल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात, म्हणून 'तासाला एक' असला कडक नियम नको. साइट क्लाउडफ्लेअरमागे (ही सेवा भेट देणारा आणि तुमचा सर्व्हर यांच्या मध्ये बसते) असेल तर पीएचपीला दिसणारा रिमोट अ‍ॅड्रेस क्लाउडफ्लेअरचाच असतो, खरा पत्ता सीएफ-कनेक्टिंग-आयपी या हेडरमध्ये येतो. विनंती खरोखर क्लाउडफ्लेअरच्याच पत्त्यांवरून आली असेल तरच त्यावर विश्वास ठेवा, कारण हेडर कोणीही हाताने लिहू शकतो. देशच्या देश बंद करायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. काकूंचं अर्धं गिऱ्हाईक परदेशात आहे, मी तो विचारसुद्धा करत नाही. तसाच 'इंग्रजी सोडून बाकी लिपी म्हणजे स्पॅम' हा नियम. रशियन लिपीतले मेल येत असतील तर नाव घेऊन फक्त तीच लिपी संशयित ठरवा, पीएचपीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकुरात नमुना शोधायची रीत) लिपी ओळखता येते.

ईमेलच्या रकान्यात नवी ओळ घुसवून बीसीसीत, म्हणजे गुपचूप, इतरांचे पत्ते जोडायची जुनी युक्ती अजून चालते, म्हणून पत्ता पीएचपीच्या फिल्टर_व्हारने तपासा आणि नाव व विषय यांतून ओळ तोडणारी चिन्हं काढा. 'फ्रॉम'मध्ये नेहमी तुमच्याच डोमेनचा पत्ता हवा, पाठवणाऱ्याचा 'रिप्लाय-टू'मध्ये. नाहीतर एसपीएफ आणि डीमार्कच्या (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे पाहणाऱ्या) तपासणीत तुमचाच मेल अडकेल.

इतकं करूनही हाताने टाइप केलेले 'तुमची साइट गूगलवर पहिल्या पानावर आणतो' छापाचे संदेश येतील. तिथे माणूस बसलाय, त्यामुळे कॅप्चा त्याला अडवणार नाही. दुव्यांची संख्या मोजून किंवा अकिस्मेटसारख्या सेवेकडून मजकूर तपासून ते संशयितांत टाकता येतात, पूर्ण थांबत नाहीत.

एक गोष्ट मात्र बाकी सगळ्याच्या आधी करा. तुमचा फॉर्म 'नमस्कार अमुक, तुमचा संदेश मिळाला' असं उत्तर आपोआप पाठवत असेल तर ते आजच बंद करा. बॉट ईमेलच्या रकान्यात तिसऱ्याच कुणाचा पत्ता लिहितो, नावाच्या रकान्यात जाहिरात आणि दुवा, आणि तुमचा सर्व्हर इमानेइतबारे ती जाहिरात त्या अनोळखी माणसाला तुमच्या डोमेनवरून पोचवतो. माझ्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची मेलसेवा याच कारणाने होस्टिंगवाल्यांनी दोन दिवस बंद ठेवली होती, आणि त्या दोन दिवसांत त्यांची कोटेशनंसुद्धा बाहेर गेली नाहीत. पुढे सुरू करायचंच असेल तर 'ठीक' ठरलेल्या संदेशालाच उत्तर जाऊ दे, आणि त्यात समोरच्याने लिहिलेला एकही शब्द, अगदी नावसुद्धा, घालू नका.

मग टोकनची तपासणी लावा आणि तीच कर्लची आज्ञा पुन्हा चालवा. या वेळी मेल येता कामा नये आणि तक्त्यात 'संशयित: टोकन नाही' अशी एक नोंद दिसायला हवी. ती दिसली नाही तर फॉर्म ज्या फाइलवर जातो तिचा कोड सीक्रेट की काढून इथे टाका, मी बघतो.