लीज्ड लाइन दुपारी कोण भरतंय ते कळायला राउटरवर नेटफ्लो कसा लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिस बाणेरला, प्लँट चाकणला, भोसरीत एक गोडाउन. बाणेरची १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन दुपारी दोननंतर तुडुंब भरते. एसएनएमपीच्या, म्हणजे इंटरफेसवरून एकूण किती बाइट गेले एवढंच मोजणाऱ्या, ग्राफवर ती भरलेली दिसते, पण भरतंय कोण ते दिसत नाही, आणि आयएसपी म्हणतो वापर तुमचाच आहे. बाणेर आणि चाकणला सिस्कोचे आयएसआर राउटर आहेत, भोसरीत मायक्रोटिकचा. तुम्हाला कमांड हव्या आहेत.

कमांड सांगतो, पण या कामात त्याच सगळ्यात सोप्या. नेटफ्लो म्हणजे कोण कुणाशी किती बोललं याची राउटरने ठेवलेली नोंद. तो फसतो तो बहुतेक वेळा चुकीच्या इंटरफेसवर किंवा चुकीच्या दिशेला लावल्यामुळे, नाहीतर टाइमआउट, म्हणजे नोंद किती वेळाने बाहेर पाठवायची त्या मुदती, मुळात होते तसेच ठेवल्यामुळे. आणि फसला तरी एरर येत नाही. सुबक, रंगीत आणि खोटे ग्राफ येत राहतात, आणि त्यांच्या जोरावर एखाद्या बिचाऱ्या डिपार्टमेंटला मेल जातो. म्हणून आधी जागा ठरवू.

सोसायटीच्या गेटवरचं वॉचमनचं रजिस्टर आठवा. कोण आलं, कुठल्या फ्लॅटला गेलं, किती वाजता. राउटरही प्रत्येक पॅकेटच्या सात गोष्टी बघतो: कुठून आलं तो आयपी, कुठे चाललंय तो आयपी, दोन्हीकडचे पोर्ट, प्रोटोकॉल, टाइप ऑफ सर्व्हिसचा बाइट आणि कुठल्या इंटरफेसने आत आलं. सातही सारख्या असलेली पॅकेट मिळून एक फ्लो, आणि त्याच्या ओळीत एकूण बाइट, पॅकेट, सुरुवात, शेवट. पिशवीत काय होतं ते रजिस्टरात नसतं. आणि ए विंगमधला माणूस बी विंगमध्ये गेला तर गेटवर नोंद होत नाही. तसंच एकाच व्हीलॅनमधल्या, म्हणजे स्विचवर वेगळ्या केलेल्या एकाच नेटवर्कमधल्या, दोन मशीनमध्ये चाललेली कॉपी राउटरला दिसणार नाही. तुमचा त्रास लीज्ड लाइनचा आहे, म्हणजे राउटर हीच योग्य जागा.

आता इंटरफेस. पहिला विचार येतो वॅनचा, म्हणजे आयएसपीकडच्या बाजूचा, कारण भरतेय ती लाइन. पण तुमच्याकडे नॅट, म्हणजे आतले सगळे पत्ते एका पब्लिक आयपीमागे झाकणारी सोय, असणारच. वॅनवर आत येणारा डाउनलोड मोजला, तर डेस्टिनेशन म्हणून राउटरचा एकच पब्लिक आयपी येतो, कारण नॅट उलटण्याआधीच त्याची नोंद झालेली असते. म्हणजे सगळा डाउनलोड एकाच नावावर, आणि तुम्ही होता तिथेच. त्यामुळे मॉनिटर, म्हणजे नेटफ्लोची मोजणी, लॅनच्या, म्हणजे आतल्या, बाजूला लावा, इनपुट आणि आउटपुट दोन्ही: इनपुटमध्ये तुमच्या लोकांचा अपलोड, आउटपुटमध्ये डाउनलोड, आणि दोन्हीकडे १९२.१६८ वाले आतले पत्ते. व्हीलॅन वेगवेगळ्या सब-इंटरफेसवर असतील तर प्रत्येकावर लावावं लागेल. मग एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारा ट्रॅफिक दोनदा मोजला जातो. रिपोर्टमध्ये आतून आत जाणारे फ्लो गाळून टाका. चाकणच्या व्हीपीएनसाठी टनेल आणि वॅन अशा दोन्ही इंटरफेसवर मात्र लावू नका. तोच डेटा एकदा उघडा आणि एकदा एन्क्रिप्ट केलेला ईएसपी, म्हणजे प्रोटोकॉल ५०, असा दोनदा येतो.

आयएसआरवर फ्लेक्सिबल नेटफ्लोचे चार तुकडे असतात. पहिला ‘फ्लो रेकॉर्ड’. त्यात ‘मॅच’च्या ओळींनी वरच्या सात गोष्टी, आणि ‘कलेक्ट’च्या ओळींनी बाइट आणि पॅकेटचे काउंटर, आउटपुट इंटरफेस आणि पहिल्या-शेवटच्या पॅकेटची वेळ. ही वेळेची ओळ हमखास राहते, आणि मग कलेक्टर, म्हणजे या नोंदी गोळा करणारी मशीन, फ्लो किती वेळ चालला तेच सांगू शकत नाही. दुसरा ‘फ्लो एक्सपोर्टर’: कलेक्टरचा आयपी, सोर्स म्हणून लूपबॅक (राउटरचा स्वतःचा आभासी इंटरफेस), ट्रान्सपोर्ट यूडीपी २०५५, प्रोटोकॉल नेटफ्लो व्ही९ (व्हर्जन ९). तिसरा ‘फ्लो मॉनिटर’, जो या दोघांना जोडतो आणि टाइमआउट धरतो. चौथं, इंटरफेसवर जाऊन ‘आयपी फ्लो मॉनिटर’, त्यापुढे मॉनिटरचं नाव आणि दिशा. रेकॉर्ड इंटरफेसला लागलेला असताना त्यात बदल करू देत नाही. आधी इंटरफेसवरून मॉनिटर काढा, बदला, परत लावा.

व्ही५ जुन्या ट्यूटोरियलमध्ये सर्रास दिसतं. ते ठरावीक साच्याचं आहे, त्यात आयपीव्ही६ येतच नाही. २००४ च्या आरएफसी ३९५४ मधलं व्ही९ टेम्पलेटवर चालतं: राउटर आधी ‘माझी ओळ अशी दिसते’ असं कळवतो, मग ओळी पाठवतो. आयपीफिक्स हा त्याचाच प्रमाणित अवतार, आरएफसी ७०११, पोर्ट ४७३९. तुम्हाला व्ही९ पुरेल. फक्त एक्सपोर्टरवर टेम्पलेटचा टाइमआउट मुळात ६०० सेकंद असतो. कलेक्टर रीस्टार्ट केला की पुढचं टेम्पलेट येईपर्यंत, म्हणजे दहा मिनिटंसुद्धा, त्याला आलेला डेटा वाचता येत नाही, आणि तेवढ्यात माणूस घाबरून चालू कॉन्फिगरेशन खोलून बसतो. तो ६० करा.

आता खरी खोड, ॲक्टिव्ह टाइमआउट. सिस्कोवर तो मुळात १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास. चालू फ्लोची ओळ तो संपल्यावर किंवा अर्ध्या तासाने बाहेर पडते. समजा एखादा बॅकअप ४० एमबीपीएसने २० मिनिटं चालला. म्हणजे ६ जीबी. ही सगळी ६ जीबी एकाच ओळीत येते, आणि ओळ ज्या मिनिटाला पोचली त्याच मिनिटात ती मांडणारे कलेक्टर कमी नाहीत. हिशेब करा: तुमच्या १०० एमबीपीएसच्या लाइनवर ८०० एमबीपीएसचा सुळका दिसेल, आणि तोही बॅकअप संपल्यानंतर. ॲक्टिव्ह ६० सेकंद करा. इनॲक्टिव्ह १५ सेकंद असतो, तो राहू द्या.

चाकणच्या राउटरवरून फ्लो बाणेरच्या कलेक्टरकडे व्हीपीएनमधून पाठवायचे असतील, तर एक्सपोर्टरमध्ये ‘आउटपुट-फीचर्स’ ही एक ओळ टाका. राउटरने स्वतः तयार केलेल्या एक्सपोर्टच्या पॅकेटना तिच्याशिवाय एन्क्रिप्शन आणि क्यूओएस (कुठल्या ट्रॅफिकला प्राधान्य ते नियम) लागत नाही. इंटरफेसवर क्रिप्टो मॅप (व्हीपीएनचं एन्क्रिप्शन लावणारी सेटिंग) असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही पलीकडे काही पोचत नाही, त्यामागे पुष्कळदा हीच ओळ असते. शिवाय दोन्ही राउटरवर ‘एसएनएमपी-सर्व्हर आयएफइंडेक्स पर्सिस्ट’ चालू करा. गुरुवारी वीज गेली, राउटर रिबूट झाला आणि इंटरफेसचे नंबर बदलले, तर कालचा लॅन आज वॅन म्हणून दिसू लागतो.

भोसरीचं काम मायक्रोटिकच्या विनबॉक्स प्रोग्राममध्ये दोन मिनिटांचं. आयपी, ट्रॅफिक फ्लो, एनेबल्ड. इंटरफेसमध्ये ‘ऑल’ ठेवू नका, लॅनचा ब्रिज निवडा. इथेही ॲक्टिव्ह टाइमआउट अर्ध्या तासाचाच, तो एक मिनिट करा. टार्गेट्समध्ये कलेक्टरचा आयपी, पोर्ट २०५५, व्हर्जन ९.

कलेक्टरला एक साधी लिनक्स मशीन पुरते. मी एनएफडम्प सुचवेन: त्यातला एनएफकॅपडी दर पाच मिनिटांची एक फाइल करतो आणि एनएफडम्पने त्यातून सर्वाधिक बाइटवाले आयपी काढता येतात. तो मुळात ९९९५ वर ऐकतो, त्यामुळे पोर्ट एकीकडे कुठेतरी जुळवून घ्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण साहेबांना डॅशबोर्ड हवा असेल तर तो नंतर चढवता येतो. आधी आकडे खरे येऊ देत. जागेची चिंता नको. सेकंदाला ५०० फ्लो आणि ओळीला साधारण ५० बाइट धरले, तर दिवसाला दोन जीबीच्या आसपास, कॉम्प्रेस करून त्याहून कमी.

डेटा येत नसेल तर राउटरपासून सुरुवात करा. ‘शो फ्लो मॉनिटर’ला मॉनिटरचं नाव आणि ‘कॅश’ जोडून ओळी दिसतात का? दिसत नसतील तर इंटरफेस चुकला. दिसत असतील तर एक्सपोर्टरचे स्टॅटिस्टिक्स बघा, पाठवलेली पॅकेट वाढतायत का. मग कलेक्टरवर टीसीपीडम्प, म्हणजे मशीनवर येणारी पॅकेट दाखवणारी कमांड. टीसीपीडम्पमध्ये पॅकेट दिसतात पण प्रोग्रामला मिळत नाहीत, असं झालं तर मशीनचा फायरवॉल तपासा, आणि दोन नेटवर्क कार्ड असतील तर लिनक्सचं रिव्हर्स पाथ फिल्टरही. परतीची वाट वेगळ्या कार्डावरून असलेली पॅकेट ते गुपचूप टाकून देतं.

घड्याळाचं आठवणीने करा. कुणी राउटरवर हाताने भारतीय वेळ टाकली आणि टाइमझोन सांगितला नाही, तर राउटर तीच यूटीसी समजतो आणि दुपारी दोनचा ट्रॅफिक संध्याकाळी साडेसातला दिसतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तसंही घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवायची आहेत आणि लॉग १८० दिवस देशातच ठेवायचे आहेत. फ्लोच्या नोंदीही त्यात धरून चला. आणि कोण कुठल्या पत्त्यावर गेलं याच्या या नोंदी आहेत, तेव्हा कलेक्टरचा पासवर्ड ऑफिसभर फिरू देऊ नका. एचआरकडून ‘अमुकचं जरा बघून सांग ना’ असे फोन पहिल्याच आठवड्यात सुरू होतात.

नेटफ्लोकडून काय मिळणार नाही तेही ऐका. निम्म्याहून जास्त ओळींत पोर्ट ४४३ दिसला तर दचकू नका. त्यात यूट्यूब, टीम्स, बँक सगळंच आलं; क्विक या प्रोटोकॉलमुळे आता ते यूडीपी ४४३ वरही असतं. पलीकडच्या पत्त्याच्या एएस नंबरवरून (इंटरनेटवरच्या प्रत्येक मोठ्या नेटवर्कचा ओळख क्रमांक) अंदाज बांधता येतो: १५१६९ म्हणजे गूगल, ८०७५ म्हणजे मायक्रोसॉफ्ट. तुमच्याकडे बीजीपी (हे नंबर राउटरला कळवणारा प्रोटोकॉल) नसेल तर राउटर तिथे शून्य पाठवेल, तेव्हा ते कलेक्टरकडून भरून घ्या. दुपारी भरणाऱ्या लाइनीत मला बहुधा माणसांपेक्षा मशीनच सापडली आहेत: क्लाउडवर फुटेज चढवणारा सीसीटीव्हीचा एनव्हीआर (रेकॉर्डर), एकाच वेळी सिंक होणारी डिझाइनवाल्यांची फोल्डरं, कुणीतरी ‘तात्पुरता’ दुपारी लावलेला बॅकअप. त्यामुळे अपलोडची बाजू आधी उघडा.

आयएसपीशी बोलण्याआधी एका दिवसाचा नेटफ्लोचा एकूण आकडा वॅनच्या एसएनएमपीच्या आकड्याशी ताडून बघा. नेटफ्लो फक्त आयपीच्या थरापासूनचे बाइट मोजतो, एसएनएमपी इथरनेटचे हेडरही धरतो, त्यामुळे नेटफ्लो थोडा कमी यायलाच हवा. दुप्पट आला तर मॉनिटर कुठेतरी दोनदा लागलाय. दिवसाचं एकूण जुळतं पण मिनिटांचे ग्राफ जुळत नाहीत, तर टाइमआउट. सगळाच फार कमी आला तर एखादी दिशा किंवा एखादा व्हीलॅन राहिलाय. तिथे अडलात तर मॉनिटर आणि एक्सपोर्टरचं कॉन्फिगरेशन पब्लिक आयपी झाकून इथेच टाका, बघतो.