गेम आठ बिटचा, डाउनलोड तीन जीबीचा

प्रश्न : मी आजरा तालुक्यातल्या एका गावात राहतो, बारावी सायन्सला आहे. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून बाबांनी मला जुना कॉम्प्युटर घेऊन दिला, ४ जीबी रॅमचा. परवा जुन्या कॅसेटवाल्या गेमसारखा दिसणारा एक इंडी (मोठ्या कंपनीशिवाय बनवलेला) गेम उतरवला. ३ जीबीचा होता, दोन रात्री गेल्या. सुरू केला तर अडखळत चालतो. मला असेच गेम बनवायचे आहेत. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत अडीच लाखांचा गेम डिझाइनचा कोर्स आहे. बाबा म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर. इथलं नेट आणि हा कॉम्प्युटर बघता मी हा नाद सोडून द्यावा का?

उत्तर : नाद सोडू नकोस. अडीच लाख मात्र भरू नकोस. बाबांचं म्हणणं निम्म्याहून जास्त बरोबर आहे, त्याकडे येतेच.

आधी तुझ्या त्या दोन रात्रींबद्दल. आमच्या लहानपणी शेजारच्यांकडे टीव्हीला जोडायचा आठ बिटचा व्हिडिओ गेम होता. कॅसेट चालली नाही की फुंकर मारून परत बसवायची. त्यातला १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघा ४० केबीचा. काकांचा ‘शुभ सकाळ’चा फोटोही त्याहून मोठा असतो! जागा वाचवायला त्यातले ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढलीत, रंग तेवढा बदललाय. मग तसाच दिसणारा आजचा गेम ३ जीबीचा कसा होतो? चित्र जुनं दिसतं म्हणून आतलं काम काटकसरीचं असतंच असं नाही.

कागद घे आणि हिशोब कर. १६ बाय १६ पिक्सेलचं एक नाणं. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर मेमरीत १ केबी. तेच नाणं कुणी १०२४ बाय १०२४ च्या कॅनव्हासवर मोठं करून ठेवलं, तर ४ एमबी. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. फाइल दाबून लहान केली असली तरी चालताना ती मेमरीत पूर्ण उलगडते, आणि तुझ्या ४ जीबीत विंडोजही बसलेलं असतं. संगीताचंही तेच. न दाबलेली वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी खाते, तीच दाबून ऑग प्रकारची केली की १ एमबीच्या आसपास. तासाभराच्या संगीतात ५०० एमबीहून जास्त फरक पडला ना? २ एमबीपीएसचं नेट म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट, आठ बिटचा एक बाइट धरून पाव एमबी. तेवढा फरक उतरवायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, तेही लाइन मध्ये तुटली नाही तर.

अडखळण्याचं कारण वेगळं असू शकतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येकाला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडद्यावर ५०० शत्रू आहेत आणि प्रत्येक जण उरलेल्या सगळ्यांशी टक्कर तपासतोय, तर दर चित्राला अडीच लाख तपासण्या होतात. पडद्याचे चौकोन पाडून फक्त शेजारच्यांशी तपासलं की आकडा धाडकन खाली येतो. चांगल्या चांगल्यांची इथे दमछाक होते. ‘व्हँपायर सर्व्हायव्हर्स’सारखा गाजलेला गेमही आधी जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेत होता, वेगासाठी पुढे युनिटी या तयार इंजिनवर (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) न्यावा लागला. उलट बिली बासो या एकट्या माणसाने स्वतःचं इंजिन लिहून केलेला ‘अ‍ॅनिमल वेल’ हा २०२४ चा गेम ४० एमबीच्या आत बसतो.

कुठे किती खर्च होतोय ते मोजून कमी करणं, याला या धंद्यात ऑप्टिमायझेशन म्हणतात. पैसे मिळतात ते यात. कोर्सच्या रंगीत माहितीपत्रकात (माझ्याकडे अशी बरीच येतात) स्टोरीबोर्ड असतो, कॅरेक्टर डिझाइन असतं, हा हिशोब क्वचितच असतो.

म्हणून बाबांचं ऐक. एमएचटी-सीईटी दे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे, डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडायच्या पद्धती) आणि गणित मन लावून कर. गेममध्ये नोकरी मिळाली नाही, तरी मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्यांना हलकं आणि वेगवान लिहिणारा माणूस लागतोच. हात चित्राकडे जास्त वळत असेल तर यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइन पदवीचा प्रयत्न करता येतो. खास गेम डिझाइन शिकायचंच ठरलं, तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं एम.डेस. पदवीनंतर आहे. आज घाई नाही. पुण्यात गेमचं कामही चालतं. ‘राजी’ हा २०२० चा गेम तिथल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा. पण जागा थोड्या असतात, मुलाखतीत सर्टिफिकेटआधी तू केलेले गेम बघतात.

ते गेम आत्ता सुरू कर. टिक-८० हे छोटे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, उतरवायला काही एमबीच. पडदा २४० बाय १३६ चा, रंग १६. पहिला गेम त्यात कर, आठवड्याभरात संपेल एवढाच. मग गोडो हे गेम इंजिन, तेही फुकट. जुन्या ग्राफिक्सवर त्यातला कॉम्पॅटिबिलिटी रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) निवड. गोडोची सगळी माहितीपुस्तिका ऑफलाइन वापरायला उतरवता येते. गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला जाशील तेव्हा पेनड्राइव्हवर घेऊन ये, म्हणजे रेंजसाठी गच्चीवर उभं राहायला नको. झालेला गेम इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर पैसे न भरता टाकता येतो.

गावातलं हळू नेट हा काही आशीर्वाद नाही, उगाच गोड बोलणार नाही मी. सीईटीचे व्हिडिओ त्यावर नीट चालणार नाहीत, तेव्हा पुस्तकांवर भर दे. सीईटी झाली की कोर्सच्या वाचलेल्या पैशांतून रॅमची एक पट्टी घे. जुनी मात्र फेकू नकोस. गेम झाला की नवी काढून तीच परत बसवायची आणि मग चालवून बघायचा.