हापूसची कोय लावली, मग हापूस का आला नाही?

प्रश्न : देवगडजवळच्या आमच्या परसात वडिलांनी उत्तम हापूसची कोय रुजवली होती. यंदा झाड धरले, पण फळे आंबट आणि गरात रेषा. दोष मातीचा, की कोय बदलली गेली? जीन, गुणसूत्र आणि जीनोम म्हणजे काय, हेही सांगावे.

उत्तर : दोष मातीचा नाही आणि कोयही बदललेली नाही. आंब्याचा गर आणि कोयीचे कठीण कवच आईच्या झाडाच्या पेशींचे असते. आतले बी मात्र तिचे अपत्य असते. वडिलांनी खाल्ला तो आईचा गर, रुजली ती लेक.

आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रे, म्हणजे २० जोड्या असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा, म्हणजे आनुवंशिक मजकूर वाहणाऱ्या रसायनाचा, गुंडाळलेला लांबलचक धागा; बहुधा एखाद्या प्रथिनाची कृती सांगणारा त्यावरचा मजकुराचा तुकडा म्हणजे जीन किंवा जनुक; आणि सगळ्या गुणसूत्रांवरचा मजकूर मिळून होतो तो जीनोम. हापूसचा जीनोम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तो सुमारे ४० कोटी अक्षरांचा आहे, आणि अक्षरे, म्हणजे डीएनएचे रासायनिक घटक, मात्र चारच प्रकारची.

मोहोरात परागकण आणि बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते आणि ते कोणते, हे ठरलेले नसते. त्यामुळे एकाच झाडाच्या २० जोड्यांतून १० लाखांहून अधिक निवडी संभवतात. त्यात माश्यांनी आणलेले पराग बांधावरच्या रायवळाचे, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याचेही असू शकतात. शिवाय हापूसच्या जोडीतली दोन गुणसूत्रे एकसारखी नसतात, म्हणून आईत झाकलेला गुण लेकीत वर येतो.

कलमात, म्हणजे रायवळ खुंटावर हापूसची काडी बांधली की, ही सरमिसळ होतच नाही, कारण हापूसच्या काडीतल्या पेशी दुभंगताना आपल्या मजकुराची नक्कल करत वाढतात. एखाद्या जुन्या कलमाचा सांधा जवळून पाहा : खालच्या रायवळ खुंटाची साल निराळी दिसते, आणि त्या खुंटावर फूट आली व वाढू दिली तर तिला रायवळच लागतो. दोन जीनोम एका खोडात आयुष्यभर शेजारी राहतात, हे मला आजही विलक्षण वाटते.

याच सरमिसळीचा उपयोग करून नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने साका न होणारी (म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा न होणारी) 'रत्ना' ही जात १९८१ मध्ये दिली. तुमचे झाडही तोडू नका. फांद्या छाटून नव्या फुटीवर हापूसच्या काड्यांची कलमे बांधून घ्या.