स्कूल बोर्डाला उभी राहतेस तर…

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, बोर्डाची निवडणूक लढवायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. मात्र पत्रकातलं 'सगळे अधिकार डिस्ट्रिक्टला द्या' हे वाक्य जरा थांबव. कॅलिफोर्नियात त्यातलं बरंचसं २०१३ मध्येच, गव्हर्नर जेरी ब्राउन असताना, होऊन गेलंय. पूर्वी राज्याच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून, पैसा कप्पे पाडून यायचा, एका योजनेचा डॉलर दुसरीला लावायची सोय नसायची. आता दर विद्यार्थ्यामागे मूळ रक्कम येते. मूल गरीब घरातलं, इंग्रजी शिकणारं किंवा फॉस्टर केअरमधलं (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवलेलं) असेल, तर वर २० टक्के. कुठे खर्चायचे ते डिस्ट्रिक्ट ठरवतं.

तरी बोर्डावर गेलीस की हात बांधल्यासारखे वाटतील. बजेटचा मोठा भाग पगार, विमा आणि पेन्शनच खातात. शिक्षकांच्या पेन्शनमधला डिस्ट्रिक्टचा वाटा २०१३-१४ मध्ये पगाराच्या ८.२५ टक्के होता, तो १९.१० वर गेला. हा आकडा कुठल्या स्कूल बोर्डाने ठरवला नाही, तो वरून आला.

आणि ते वाढीव २० टक्के? तिथे मात्र डोळ्यांत तेल घालून बस. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टने स्पेशल एज्युकेशनवरचा नेहमीचाच खर्च त्यात मोजला. २०१५ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि दोन वर्षांनी तडजोड झाली. स्थानिक अधिकार मलाही हवेत, पण हिशेब मागणारं कोणी नसेल तर ज्या मुलांच्या नावावर पैसा आला त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही.

भरतीचं म्हणशील, तर आपल्याकडे झेडपीचा शिक्षक राज्याच्या पवित्र पोर्टलवरून येतो, इथे डिस्ट्रिक्ट स्वतः निवडतं. परवाना राज्याचा, पगाराची पायरी युनियनशी बोलून. खरी सत्ता आहे ती पहिल्या दोन वर्षांत. दुसऱ्या वर्षी १५ मार्चच्या आत 'पुढे नको' असं कळवलं नाही, की शिक्षक कायम. तेव्हा प्रिन्सिपल नव्या शिक्षकाच्या वर्गात किती वेळा जाऊन बसले, हे डिसेंबरमध्येच विचार. एप्रिलमध्ये विचारून काय करणार?

मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लागतो. त्यातली 'कन्सेंट'ची, म्हणजे चर्चेविना एकत्र मंजूर करायची, यादी आधी वाच, बरीच कंत्राटं तिथेच एका हातासरशी मंजूर होतात. जूनमधल्या बजेटच्या सुनावणीला सगळे येतात, पण तोवर माणसं ठरलेली असतात, पैसेही. तू जानेवारीपासून जायला लाग.

तुझी,
मावशी