फोक हॉरर, म्हणजे गावाकडच्या जुन्या श्रद्धांतून येणारं भय, ग्राफिक नॉव्हेलमध्ये (चित्रकादंबरीत) वाचताना खरंच भीती वाटते का? आवाज नाही, हालचाल नाही. सुरुवात कुठून करावी?

वाटते, निदान मला तरी. दचकवणं कागदाला फारसं जमत नाही, हे मान्य. पण फोक हॉररची भिस्त दचकवण्यावर नसतेच. ॲडम स्कोव्हेल या अभ्यासकाने या प्रकाराची साखळी मांडली आहे: आधी भूप्रदेश, मग जगापासून तुटलेपण, त्यातून वाकडी वाढलेली श्रद्धा आणि शेवटी तिच्यापायी घडणारं काहीतरी अघोरी. यातला भूप्रदेश नीट बघायला निवांतपणा लागतो. सिनेमात जंगल जरा दिसतं आणि पात्रं बोलायला लागतात. पानावर मात्र तुम्ही बुंध्यांच्या मधल्या काळोखात कोणी उभं आहे का, हे शोधत बसता. कोणी नसलं तरी शोधता.

सुरुवात 'हॅरो काउंटी'पासून करा. लेखन कलन बनचं, चित्रं टायलर क्रूकची. २०१५ ते २०१८ या काळात ३२ अंक आले. गावकऱ्यांनी पूर्वी एका चेटकिणीला झाडाला लटकवून जाळलेलं असतं. आता गावातली एमी ही मुलगी अठराची होत आली आहे आणि ती म्हणजे ती चेटकीणच परत आलेली, असा गावाचा संशय. एमीला काटेरी झुडपात एका मुलाची सोललेली कातडी सापडते. ती कातडी ती पिशवीत घालून सोबत बाळगते, आणि कातडी तिला कुजबुजत खबरी देते. ऐकायला किळसवाणं, पण क्रूकच्या जलरंगांत ते इतकं मऊ उतरलंय की काही अंकांनंतर त्या कातडीबद्दल माया वाटू लागते. ओळखीचे शेजारीच जास्त भयंकर वाटतात.

मग 'विचेस' (२०१४, स्कॉट स्नायडर आणि जॉक). सुरुवातीचा प्रसंग १९१९ सालचा. आई झाडाच्या ढोलीत अडकली आहे आणि मुलाकडे मदत मागते आहे. मुलगा जवळ येतो, दगड उचलतो आणि तिच्याच तोंडावर घालतो. वर म्हणतो, वाहिलं ते वाहिलं. नावातल्या चेटकिणी जमिनीखाली राहतात. कोणाला तरी त्यांना बळी म्हणून वाहिलं की मागाल ते देतात. म्हणजे खरा प्रश्न चेटकिणींचा नाहीच, कोण कोणाला वाहतंय याचा आहे. मॅट हॉलिंग्सवर्थने चित्रांवर रंगांचे शिंतोडे उडवलेत. अनेकांना ते फार आवडतात, मला मात्र काही पानांवर चेहरेच दिसेनासे होतात.

एमिली कॅरलची 'हिज फेस ऑल रेड' ही छोटी गोष्ट मी या सगळ्यांच्या वर ठेवीन. २०१० मध्ये ती वेबवर आली, नंतर 'थ्रू द वूड्स' या पाच गोष्टींच्या संग्रहात. एकाने जंगलात स्वतःच्या भावाला मारलंय, आणि तीन दिवसांनी भाऊ हसत परत येतो. सगळे आनंदाने त्याचं स्वागत करतात. फक्त मारणाऱ्यालाच माहीत आहे की हा भाऊ नव्हे, आणि ते तो कोणत्या तोंडाने सांगणार? वेबवर वाचली तर उत्तम. शेवटी तो खड्ड्यात उतरतो तेव्हा तुम्हीही स्क्रोल करत त्याच्यासोबत खाली जाता, आणि काळोख काही केल्या संपत नाही.

'हेलबॉय'ची मोठी मालिका वाचली नसेल तरी 'द क्रुकेड मॅन' (२००८) वेगळं वाचता येतं. माइक मिन्योलाने लिहिलंय, रिचर्ड कॉर्बेनने काढलंय, आणि अमेरिकेतल्या ॲपालाचियाच्या डोंगरांतलं आहे.

जपानी चित्रकथाकार जुंजी इतोची 'उझुमाकी' अशा याद्यांत हमखास असते. ती जरूर वाचा, पण मी तिला फोक हॉरर म्हणणार नाही. तिथे गावाने कोणाशी सौदा केलेला नाही, कोणाला वाहिलेलं नाही. गावाला नुसता सर्पिलाकाराचा शाप लागलाय.