लेझर-हायपरसॉनिकचं वेड लागलंय, ब्रँच कुठली घ्यावी?

ताई, पत्र वाचलं. लेक बारावीला, यानाच्या नाकापुढे लेझर मारून हवेचा विरोध कमी करतात असा व्हिडिओ बघून "मला हेच करायचंय" म्हणतेय, आणि एक कॉलेज 'हायपरसॉनिक स्पेशलायझेशन'च्या नावाखाली भरमसाट फी मागतंय, तर घ्यावं का?

नका घेऊ. निदान त्यांच्याकडे शॉक टनेल, म्हणजे क्षणभर अतिवेगवान हवेचा झोत सोडून यानाचं मॉडेल तपासायची नळी, आहे का ते तरी आधी विचारा.

पण पोरगी हवेतल्या गप्पा मारत नाहीये हां. आवाजाच्या पाचपट स्पीडच्या वर, म्हणजे हायपरसॉनिक वेगाला, यानाच्या बोथट नाकापुढे जोरदार शॉक वेव्ह, म्हणजे दाबलेल्या हवेची भिंतच, उभी राहते, नाकावर प्रचंड प्रेशर येतं, आणि नाक टोकदार करावं तर ते उष्णतेत टिकत नाही. मग लेझरचा पल्स थोडा पुढे फोकस करायचा, तिथल्या हवेचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तापलेला वायू, होतो, मागे गरम, विरळ हवा राहते, शॉक तिला भिडला की नाकावरचं प्रेशर उतरतं. अमेरिकेच्या ट्रायडंट मिसाइलच्या नाकातून खरीखुरी दांडी बाहेर येते, विरोध कमी करायलाच. मायराबो आणि रायझर या संशोधकांनी १९९०च्या दशकात हीच दांडी उर्जेची करायची आयडिया मांडली. घोडं अडतं ते एवढा लेझर आणि त्याची वीज यानात न्यायची कशी यावर, म्हणून हे काम मुख्यतः लॅबमध्ये आणि कॉम्प्युटरवरच चालतं.

त्यामुळे लेझरच्या मागे लागून ब्रँच निवडू नका, मूळ प्रश्न शॉक वेव्हचा आहे. एरोस्पेस मिळालं तर उत्तम, नाहीतर सरळ मेकॅनिकल, आणि प्लाझ्माचीच ओढ असेल तर आयआयटी मुंबईचं इंजिनिअरिंग फिजिक्स, पण तिथे जेईई अ‍ॅडव्हान्स्डला रँक तगडा लागतो. सीईटीवरून चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल मिळालं तरी काही बिघडत नाही, पुढे गेटची परीक्षा देऊन बंगळुरूच्या आयआयएससीत एमटेकला जाता येतं, तिथे हायपरसॉनिक शॉक टनेल आहेत आणि लेझरऐवजी विजेच्या डिस्चार्जने हाच प्रयोग झालाय.

एक मात्र स्पष्ट सांगतो, खरं संशोधन करायचं तर पीएचडी आलीच, म्हणजे वयाच्या सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत शिक्षण, आणि नेमक्या याच विषयाच्या नोकऱ्या मोजक्या. डीआरडीओ, इस्रो, बाकी परदेशातल्या लॅब. पण सीएफडी (कॉम्प्युटरवर हवेच्या प्रवाहाचं गणित) आणि हाय-स्पीड फोटोग्राफी हाताला लागली की टर्बाइन, इंजिन, गाड्या, कुठेही काम मिळतं. घरी पैशाची घाई असेल तर हे तिच्याशी आत्ताच बोलून घ्या, चौथ्या वर्षाला नको.