उंदरांच्या मेंदूतला नेमका कोणता भाग त्यांना भांडायला लावतो?

नर उंदरापुरतं बोलायचं तर मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या व्हीएमएच (व्हेंट्रोमिडियल हायपोथॅलॅमस) नावाच्या केंद्रकाचा, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्याचा, खालचा, बाहेरच्या बाजूचा कोपरा. समोरच्या उंदराचा वास नाकातल्या, इतर प्राण्यांचे गंधसंकेत टिपणाऱ्या व्होमेरोनेझल अवयवाकडून मेंदूतल्या मिडियल अमिग्डाला या भागामार्गे इथे पोचतो.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात डेव्हिड अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत डायू लिन आणि सहकाऱ्यांनी इथल्या पेशींत प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन बसवलं आणि बारीक फायबरमधून निळा प्रकाश सोडला. नर चक्क मादीवर तुटून पडला, हवा भरलेल्या हातमोज्यावरसुद्धा! साध्या विजेच्या तारेने मात्र हे साधलं नव्हतं. वीज निवड करत नाही, शेजारच्या पेशी आणि तिथून जाणारे तंतूही ती चेतवते.

तरी याला ‘रागाचं बटण’ समजू नका. याच कोपऱ्यातल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरवाल्या (इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओळखणाऱ्या) पेशी मंद प्रकाशाने चेतवल्या तर नर हुंगतो, अंगावर चढतो. प्रकाश वाढवला की चावतो. समागम सुरू असताना तर त्याला हल्ल्याकडे वळवणं बरंच अवघड जातं.

प्रयोग बिघडतो तो जागा चुकल्यामुळे. प्रथिन याच केंद्रकाच्या वरच्या, आतल्या भागात पसरलं तर प्रकाश लागताच उंदीर जागीच गोठतो किंवा पळत सुटतो, कारण भक्षकाच्या भीतीच्या पेशी तिथे लागूनच आहेत.